आचऱ्याचे स्थपती अच्युत कानविंदे आणि इमारतींचे कागद

आमचे हातून घडलेल्या एका प्रमादाची हकीकत आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील विवेचनाचा रोख वाचकांच्या ध्यानी येईल. इ. स. १९९२ चा पावसाळा सरल्यावर तारकर्लीतील एक वृद्ध सुतारमेस्त्री आमचे घरी एक जाड वही घेऊन आले. आम्ही त्या वेळी शाळेत संस्कृत शिकवीत असू व सुटीच्या दिवसांत गावोगाव पोथ्या धुंडाळीत हिंडत असू, ही गोष्ट त्यांच्या कानी गेली होती. "बापाशीची वही आसा, गुरुजीनू. तुमका काय उपयोग जाता काय बघा," एवढेच ते म्हणाले. आत घरांची मापे गज व तसू यांत मांडलेली, मध्येमध्ये शाईने ओढलेल्या रेघा, लाकडाचे हिशेब, कोणाच्या पडवीस किती खांब लागले याची टिपणे. लिपी अर्धी मोडी, अर्धी बाळबोध. आम्ही चार पाने चाळली. स्तोत्र नाही, माहात्म्य नाही, राजाचे नाव नाही, असे पाहून चहा दिला आणि वही परत केली. सात-आठ वर्षांनी तिची योग्यता आम्हांस उमगली व आम्ही चौकशीस गेलो, तो मेस्त्री वारले होते, घर मोडून तेथे पर्यटकांसाठी सपाट छपराची इमारत उठली होती, आणि वही रद्दीत गेली की चुलीत, हे कोणास सांगता येईना.

इमारत उभी करणाऱ्याने ती उभी करण्यापूर्वी कोणता विचार केला, हे समजण्यास साधन काय, हा या लेखाचा विषय होय. हा प्रश्न आमच्या मंडळींत फारसा कोणी विचारीत नाही. किल्ला कोणी घेतला, कोणी दिला, वाड्यावर कोणाची जप्ती आली, हे आपण तिथीवार सांगू शकतो. शनिवारवाड्याचेच पाहा. पायाभरणी ता. १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत ता. २२ जानेवारी १७३२ ची, खर्च रु. १६,११० असे आपण तोंडपाठ म्हणतो. म्हणजे खर्च कळला, मुहूर्त कळला; परंतु चौकाशेजारी चौक का घातला, जिना अमक्याच कोपऱ्यात का नेला, हे ज्याच्या मनात प्रथम आले त्याचा एक शब्दही आपणांपाशी नाही.

सिंधुदुर्गाची गोष्ट तीच. मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावरील तट दिसतो. मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १५८६, म्हणजे ता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचा आरंभ झाला. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतले, असे परंपरा सांगते. हिरोजी इंदुलकर यांचे नावही तीच सांगते. महाद्वार शहराच्या बाजूस असूनही होडीतून जाणाऱ्या नवख्यास ते अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, कारण दोन बुरूज एकमेकांस वळसा घालून ते पोटात घेतात. ही युक्ती कोणी प्रथम रेखाटली असेल? वाळूत काठीने, की फळ्यावर खडूने? तट वाचता येतो, तटामागील माणूस वाचता येत नाही.

या बाबतीत एक मोठा अपवाद आपल्या भाषेत आहे आणि तो रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावरील आज्ञापत्राचा. त्यातील दुर्गांविषयीचे प्रकरण बहुतेकांनी राजनीती म्हणून वाचले. आमची विनंती अशी की, ते एकदा बांधणाराचे टिपण म्हणून वाचावे. बांधकामास हात घालण्यापूर्वी पाण्याची निश्चिती करावी. शेजारी दुसरा डोंगर असेल तर त्याचा बंदोबस्त करावा. एकच दरवाजा ठेवणे हा दोष होय, म्हणून चोरवाटा राखाव्यात. अशा क्रमाने तो लेखक चालतो. येथे शोभेचा विचार शेवटीही येत नाही. आधी पाणी, मग शेजार, मग ये-जा, मग भिंत. हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

आमचे शिक्षण संस्कृताचे असल्याने शिल्पग्रंथांचा उल्लेख केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. मयमत व मानसार यांत चार प्रकारचे शिल्पी सांगितले आहेत: स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. स्थपतीने योजावे, सूत्रग्राहीने दोरी धरून माप घालावे, वर्धकीने जुळवावे, तक्षकाने तासावे. सूत्रग्राही हा स्थपतीचा पुत्र अथवा शिष्य असावा असे म्हटले आहे, आणि आमच्या मते सर्व कूट या एका अटीत आहे. विद्या पुत्रास अथवा शिष्यास दोरीच्या टोकाशी मिळत असे. लिहून ठेवण्याची गरज पडत नसे. आणि जेथे दोरी तुटली तेथे विद्याही तुटली. ग्रंथांनी मापे जपली. अमक्या गावी अमक्या उतारावर काय करावे, ही त्या त्या माणसाची अक्कल त्याच्याबरोबर गेली.

इंग्रजी अमदानीत नकाशा कागदावर आला आणि ही स्थिती पालटेल असे वाटले. पालटली, परंतु वेगळ्याच तऱ्हेने. मुंबई विद्यापीठाचे सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा यांची आखणी लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने केली. हा गृहस्थ मुंबईस कधीही आला नाही. मनोरा इ. स. १८७८ मध्ये पुरा झाला. त्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातींच्या ज्या पुतळ्या आहेत, त्यांचे नमुने रावबहादुर मकुंद रामचंद्र या सहायक इंजिनियराने घडविले, अशी नोंद त्या काळच्या मुंबईविषयक पुस्तकांत मिळते. सरकारी इमारतींच्या कामी त्यांनी फार उत्तम सेवा केली, असेही तेथे म्हटले आहे. स्कॉटचे चरित्र सर्वांस उपलब्ध. मकुंद रामचंद्र यांच्या नावापुढे दोन ओळी. स्थपती सातासमुद्रापलीकडे आणि सूत्रग्राही आपला, अशी ही विभागणी होती.

पुढे ताजमहाल हॉटेलाच्या वेळी स्थपतीचे आसन आपल्या माणसास मिळाले. त्याचे मूळचे शिल्पी सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य मध्येच निवर्तल्यामुळे काम चेंबर्स या इंग्रजाने पुरे केले व हॉटेल ता. १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. इमारत चुकून समुद्राकडे पाठ करून बांधली गेली, हे पाहून शिल्प्याने वरून उडी घेतली, अशी आख्यायिका मुंबईत आजही रंगवून सांगतात. वस्तुतः मूळचे प्रवेशद्वार शहराच्या बाजूस बुद्ध्या ठेवलेले होते, कारण गाड्या त्या बाजूने येत. समुद्राचा वारा व देखावा खोल्यांस राखला होता. पाहा, ज्याने नीट विचार करून एक गोष्ट केली, त्याचा विचार लिहिलेला लोकांसमोर नसल्यामुळे त्याच्या माथी चूक आली, आणि चुकीवरून मरणही आले! कागद नसला की त्या जागी गोष्ट उगवते, हे बखरींशी झगडणाऱ्या आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

आता ज्या पुरुषासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. अच्युत कानविंदे यांचा जन्म ता. ९ फेब्रुवारी १९१६ रोजी याच मालवण तालुक्यातील आचरे गावी झाला. ते दोन वर्षांचे असता मातोश्री वारल्या. वडील मुंबईस चित्रकलेचे शिक्षक होते आणि स्वतः व्यक्तिचित्रे व निसर्गचित्रे काढीत. अच्युतराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत वास्तुविद्या शिकून इ. स. १९४२ मध्ये बाहेर पडले. तेथे क्लॉड बॅटली हे मुख्य होते. या अध्यापकाची एक रीत आम्हांस फार मोलाची वाटते. ते विद्यार्थ्यांस जुन्या इमारतींची प्रत्यक्ष मापे घेण्यास लावीत. अशा मोजणीच्या नकाशांचा संग्रह त्यांनी १९३४ मध्ये छापलाही. पोथीची नक्कल करता करता पोथी समजते, तसेच हे होय.

इ. स. १९४५ मध्ये कानविंदे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि वॉल्टर ग्रोपियस या जर्मन आचार्यापाशी शिकले. परत आल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे ते मुख्य वास्तुशिल्पी झाले. अहमदाबादेतील कापडधंद्याच्या संशोधनसंस्थेची इमारत त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी. १९५५ मध्ये त्यांनी शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःची कचेरी थाटली. कानपूरची तंत्रविद्यासंस्था, महेसाणा येथील दूधसागर डेअरी, पुण्याची बँकव्यवहारशिक्षणाची संस्था, मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र (उघडले १९८५) आणि अखेरीस दिल्लीचे इस्कॉन मंदिर (१९९८) ही त्यांची ठळक कामे. ता. २८ डिसेंबर २००२ रोजी ते निवर्तले. त्यांच्या कार्यावरील 'आकार' नावाचे पुस्तक २०१७ मध्ये निघाले आहे.

हा पुरुष नुसता बांधीत नव्हता, बोलत व लिहीतही होता, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. इ. स. १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीस वास्तुकलेवर परिषद भरविली. तिचे निबंध कानविंदे यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध झाले. स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या इमारतींस कोणते रूप द्यावे, हा तेव्हाचा ज्वलंत प्रश्न. नव्या काँक्रीटवर जुन्या छत्र्या व कमानी चढवाव्यात, असे मानणारा पक्ष बलवान होता. दिल्लीस तशा इमारती उठतही होत्या. कानविंदे दुसऱ्या पक्षाचे. त्यांच्या मते इमारतीचे रूप तिच्या कामातून, हवामानातून व बांधणीच्या पद्धतीतून निघाले पाहिजे. पुढे १९६९ मध्ये त्यांनी एका अमेरिकन सहकाऱ्यासमवेत विद्यापीठांच्या आवारांच्या आखणीवर ग्रंथ लिहिला.

त्यांच्या विचारातील एक सूत्र आम्हांस विशेष जवळचे वाटले. खांबांची समान अंतरांची जाळी प्रथम मांडावी, आणि तिच्या घरांत खोली, वाट, उजेड व वारा यांस जागा द्यावी, असे ते मानीत. कानपूरच्या संस्थेत काँक्रीटचा सांगाडा, त्यात विटांचा भराव, आणि एका इमारतीतून दुसरीत नेणाऱ्या उंच उचललेल्या पायवाटा असा विन्यास आहे; विद्यार्थी सावलीतून जातो. महेसाण्याच्या डेअरीत यंत्रांची उष्णता फार, म्हणून छपरावर उंच धुराड्यांसारखे झोत काढून गरम हवा वर काढली आहे, आणि तेच झोत दुरून त्या इमारतीचे मुख झाले आहे. वेगळी शोभा आणावी लागली नाही.

ही जाळी वाचताच शिल्पशास्त्र जाणणाऱ्यास चौसष्ट व एक्याऐंशी पदांचा वास्तुपदविन्यास आठवेल. आम्हांसही आठवला. परंतु कानविंदे वास्तुपुरुषाचे मंडल मांडून बसत, असा अर्थ कोणी काढू नये. अलीकडे तसे काढण्याची हौस वाढली आहे व वास्तूच्या नावाखाली चुली हलविण्याचा धंदाही. आम्हांस जवळचा दाखला निराळाच वाटतो, आणि तो संस्कृतातला नसून मराठीतला आहे. तो शब्द म्हणजे 'खण'.

दोन खांबांमधील जागा तो खण. आपल्याकडे घर फुटांनी मोजीत नसत, खणांनी मोजीत. 'पाच खणी सोपा', 'तीन खणी माजघर' असे बोलत. खांब ठरला की वासा ठरतो, वासा ठरला की आढ्याची उंची ठरते, उंचीवरून पाख्याचा उतार ठरतो. आणि आमच्या किनाऱ्यावर उतार चुकला तर आषाढात घर गळते. म्हणजे एक खण सांगितला की जाणता मेस्त्री निम्मे घर मनात उभे करी. खांबांची जाळी आधी व भिंती मागून, हा विचार कानविंदे यांस हार्वर्डात प्रथम भेटला की आचऱ्याच्या पडवीत, याचा निवाडा आम्ही करीत नाही. मात्र माणसाची मूल्ये आणि नकळत झालेली जाण ही त्याच्या वाढीतून व परिसरातून येतात, हे त्यांचे स्वतःचेच मत होते. तेव्हा पडवीची बाजू अगदीच पोकळ नव्हे.

आचऱ्याविषयी आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्या गावी गावपळणीची चाल आहे. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सबंध गाव, गुरेढोरे व कोंबडीकुत्र्यांसुद्धा, शिवेबाहेर निघते आणि तीन दिवस तीन रात्री तेथेच राहते. आम्ही एका पळणीस मुद्दाम गेलो होतो. लोक देवाविषयी बोलत होते, आम्ही खोपी पाहत होतो. चार मेढी, वर झावळ्यांची चुडते, एवढ्यात संसार. परंतु कोणीही खोप वाटेल तशी घालीत नव्हता. एक म्हातारी आधी मूठभर माती वर उडवून वारा पाहती झाली, मग चुलीची जागा दाखविली, मग तोंड कोणीकडे ठेवायचे ते सांगितले. पाणी किती पावलांवर, शेजाऱ्याचा धूर कोणीकडे, रात्री पोरे कोठून कोठे जातील, हे सर्व मेढ रोवण्यापूर्वी ठरले. आज्ञापत्रातील क्रम तो हाच! जे गाव दर काही वर्षांनी आपले चिरेबंदी घर सोडून कोऱ्या जमिनीवर निवारा योजते, त्या गावातील प्रत्येक घरात एक तरी स्थपती असणारच.

चिऱ्याविषयीही दोन शब्द लिहितो, कारण शहरातील वाचकांस तो नुसता तांबडा दगड वाटतो. जांभा खाणीत मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि वाऱ्यावर टाकला की कठीण होत जातो. बुकानन याने इ. स. १८०७ मध्ये त्यास जे इंग्रजी नाव दिले ते लॅटिनमधील 'वीट' या शब्दावरून. आपल्या पाथरवटांस ते साम्य आधीच ठाऊक होते. हा दगड पाणी पितो व सोडतो. शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा त्याच्याबरोबर श्वास घेई. वर सिमेंटचा घट्ट थर चढविला की आत गेलेले पाणी आतच राहते व भिंत पोसवते. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील आमच्या या चिंचोळ्या पट्टीवर दोन्हीकडून खारा दमट वारा, त्यामुळे ही चूक दहा वर्षांत उघडी पडते. पर्यटनामुळे गावात पैसा आला, मुले परत आली, हे फार चांगले झाले. आमचे कित्येक विद्यार्थी त्यावर पोट भरतात. परंतु प्रत्येक वर्षी चार जुनी घरे उतरतात, आणि ती उतरताना कोणी दोरी लावून मापेसुद्धा घेत नाही.

इमारती जुन्या असल्या तरच जातात असेही नव्हे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील, राज रेवाल यांनी योजलेले व १९७२ मध्ये उघडलेले राष्ट्रांचे दालन, वास्तुशिल्पी व संग्राहक विरोध करीत असता एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य. आमच्या मालवणात राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींचा जो पुतळा ता. ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला, तो ता. २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नाही. आमच्या मनात आले ते इतकेच की, तीनशे वर्षांनी या दोन घटनांचा अभ्यास करणाऱ्यास बातम्या पुष्कळ मिळतील, भाषणे मिळतील. परंतु वाऱ्याचा जोर किती धरला, सांधे कसे योजले, हे सांगणारा कागद कोणी जपला असेल काय? सिंधुदुर्गाच्या बाबतीत जी उणीव आपण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्यांच्या माथी मारतो, ती आपणच पुन्हा करीत आहोत.

म्हणून संग्राहकांस आमचे सांगणे. आपल्या रुमालांत खरेदीखते, वाटणीपत्रे व गहाणखते असतातच. त्यांतील चतुःसीमा व रक्कम पाहून आपण ती बाजूस ठेवतो. यापुढे त्यांतील घराचे वर्णन ओळीओळीने उतरून घ्यावे. 'खण इतके, पडवी अमक्या अंगास, विहीर सामाईक, सांडपाण्याची वाट शेजाऱ्याच्या परसातून' अशी वाक्ये म्हणजे नकाशाच होय. फक्त तो अक्षरांत काढला आहे. पट्टी घेऊन कागदावर बसले की तो रेषांत उतरतो. त्याचप्रमाणे मेस्त्र्यांच्या वह्या, गवंड्यांचे हिशेब, शहरांतील वास्तुशिल्प्यांच्या बंद झालेल्या कचेऱ्यांतील निळ्या नकाशांच्या गुंडाळ्या, या वस्तू रद्दीवाल्याच्या आधी आपण गाठाव्या. निळा नकाशा उन्हात विटतो, तो अंधारात ठेवावा. कानविंदे यांच्यासारख्यांचे काही तरी छापून निघाले. त्यांच्या हाताखाली रेघा ओढणारे, आणि त्यांच्या आधीचे मकुंद रामचंद्र व वैद्य यांच्या जातकुळीचे शेकडो शिल्पी, यांचे काय?

आम्ही स्वतः आरंभ केला आहे. गतवर्षी तारकर्लीतील एक घर उतरणार असे कळताच धन्याची परवानगी घेतली आणि दोन माजी विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन तीन दिवस मापे घेतली. धन्याने पेटीतून आजोबांच्या वेळचे वाटणीपत्र काढून दिले. त्याचा व जागेचा मेळ घालीत गेलो. ओटी जुळली, माजघर जुळले, विहिरीची अर्धी दोरी कोणाची तेही जुळले. देवघराच्या उत्तरेस मात्र पत्रात दोन खण लिहिले आहेत आणि जागेवर एकच आहे. घरातील कोणास त्याची आठवण नाही. चौथ्या दिवशी जोते उकरताना तेथे एका खांबाची तळखडी निघाली. तिच्या माथ्यावर सुताराने दोरी टेकविण्यासाठी कोरलेली फुली अद्याप स्पष्ट आहे. धन्याने ती आम्हांस दिली. मापांचा कागद आणि वाटणीपत्राची नक्कल यांसह ती आमचे पडवीत ठेविली आहे. ज्या अभ्यासकांस पाहावयाची असेल त्यांनी अवश्य यावे.